मागची फुंकर

फोन कोंबड्यासारखा आरवला तेव्हा सुग्रीव गव्हाणीत उताणा पडला होता आणि म्हैस त्याच्या छातीवरचा कडबा ओढून खात होती.

तुळजाबाईनं शेणाची पाटी टाकली आणि धावली. हे आरवणं कशाचं, ते आता घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक झालं होतं. आरवल्यापासून दहा मिनिटं. तेवढ्यात सुग्रीवनं फोनच्या डोळ्यापुढं बसायचं, आगपेटीएवढ्या मशीनची पांढरी तोटी ओठांत धरायची आणि छाती रिकामी होईस्तोवर फुंकायचं. मशीन श्वास ओळखतं, फोन चेहरा ओळखतो, आणि दोघांचा निकाल पुण्याला संस्थेच्या करिष्मा मॅडमकडं जातो. हिरवा दिवा म्हणजे कोरडा. लाल म्हणजे प्यालेला, आणि किती प्याला त्याचा आकडा सोबत. दहा मिनिटांत फुंकलंच नाही, तर तेही लालच. दिवसातून तीनदा, आणि वेळ फोनच्या मर्जीची.

"उठा. अवो, उठा की! कोंबडा आरवला!"

सुग्रीवनं डोळे उघडले. तोंडाच्या कोपऱ्यातून निघालेली लाळेची तार कानापर्यंत गेली होती आणि तिला कडब्याचा कोंडा चिकटला होता. तो काहीतरी बोलायला गेला, तसा वास आला. सडलेल्या मोसंबीवर रॉकेल ओतावं तसा. तुळजाबाईचं तोंड आपोआप मिटलं. हा वास तिनं एकोणीस दिवस घेतला नव्हता. एकोणीस दिवसांत आपण त्याला विसरलो, असं तिला वाटलं होतं. नाक काही विसरलं नव्हतं.

"कवा प्याला?"

"थोडीशी. गुत्त्यावर सटवानं जबरदस्ती केली, आईशप्पथ."

"आईची शप्पथ कशाला घेता? आई आतमधी जित्ती हाय."

गेल्या हंगामात नदीकाठच्या फडात, दिवस उगवायच्या आत पिऊन उभ्या राहिलेल्या सुग्रीवचा कोयता उसाऐवजी तुळजाबाईच्या डाव्या पिंडरीवर बसला होता. मांस उघडं पडलं, आत पांढरं दिसलं. सुग्रीवनं ते पाहिलं आणि धावून धरायचं सोडून तिच्या पायाशीच ओकला. बायांनी पदर फाडून पाय बांधला, तेव्हा त्या ओकारीचे शिंतोडे जखमेवर होते. पुढं आठ दिवस पाय टम्म फुगला. डॉक्टरनं पू काढला, त्या पूच्या वासातही तिला दारूच येत होती.

मुकादम बबनरावांनी तेव्हाच सांगितलं, "दारुड्याचा कोयता माझ्या टोळीत पुन्यांदा नको."

टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि डोक्यावरून गाडीत चढवते. राबायला माणसं दोन, यादीत नाव एक. तिनं एकटीनं जायचं म्हटलं तरी अर्ध्या कोयत्याला कुठल्याच टोळीत जागा नसते. आणि शिरूरच्या या कोरड्या माळावर, दिवाळीनंतर, ऊस सोडला तर हाताला दुसरं काम नसतं.

मग श्रावणात ती संस्था आली. सुग्रीवला तालुक्याच्या दवाखान्यात चार दिवस ठेवलं, गोळ्या दिल्या. तिथं तो पाचोळ्यासारखा कापला, अंथरुणात मुतला, भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणून ओरडला. तुळजाबाईनं सगळं पुसलं. नाकाला पदर बांधून पुसलं, पण पुसलं. घरी आल्यावर मशीन आणि फोन हातात आला. कोरडा आठवडा गेला की संस्था बक्षीस पाठवायची. पहिल्या आठवड्याला तेलाचा डबा, दुसऱ्याला कुकर, असं चढत चढत आठव्या आठवड्याला घरगुती पिठाची गिरणी. मधे एक जरी लाल दिवा लागला तरी परत पहिल्या पायरीवर. बबनरावांनी त्यावर आपली मोहोर मारली, "मशीन म्हणंल तर कोयता लावतो. माणसाच्या बोलण्यावर न्हाई."

आणि एकोणीस दिवस मशीन हिरवं म्हणालं. खरं हिरवं. सुग्रीवच्या तोंडाला भाकरीची चव आली. अठराव्या दिवशी तो पारावर हरिपाठाला टाळ घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या बोटांची थरथर टाळाच्या ठेक्यात झाकून गेली होती. बायांच्या घोळक्यातून बघताना तुळजाबाईच्या गळ्यातली तुळशीची माळ भिजली होती.

आता तोच माणूस गव्हाणीत बसून उचक्या देत होता, आणि दहातली तीन मिनिटं गेली होती.

सुग्रीव अधूनमधून गवंड्याच्या हाताखाली जायचा. पातळी बघायची ती प्लास्टिकची पारदर्शक नळी मेखेला वेटोळं घालून टांगलेली होती. तुळजाबाईची नजर तिच्यावर पडली. तिनं विळ्यानं नळी दोन हात कापली, एक टोक मशीनच्या तोटीवर चढवलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून पक्कं केलं. सुग्रीवला दाराच्या चौकटीत, फोनपुढं बसवलं. उपरणं डोक्यावरून, गालावरून, हनुवटीखालून घट्ट लपेटलं. नळी त्या उपरण्याखालून मानेमागं काढली. आणि ती दाराआड, त्याच्या पाठीमागं, शेणाच्या हातांनी नळी धरून उकिडवी बसली.

"ओठ गच मिटा. गाल फुगवा नुसते."

यादीत आपून दोघं एक, तिनं मनाशी म्हटलं. तोडलेला ऊस कुणाचा अन् उचललेली मोळी कुणाची, कोण इचारतंय? मग श्वास कावून दोन धरायचे?

तिनं फुंकलं. मशीनला हिरवा दिवा लागला.

"एकदाच हां," ती म्हणाली. "उद्यापासून तुमचं तुमी."

*

उद्या काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी आरवल्यावर सुग्रीव आपणहून उपरणं बांधून चौकटीत बसला आणि नळीचं टोक मागं धरलं, जसं जेवायला बसलेला माणूस वळून न बघता पाण्यासाठी हात मागं करतो. आठवड्यात त्याला त्यात काही वावगं वाटेनासं झालं. तिनं चुलीवरची भाकर टाकून यायचं, न्हाणीतून ओल्या अंगानं यायचं, आणि मागं बसायचं.

नळी पारदर्शक होती हे सगळ्यांत वाईट. तिला सगळं दिसायचं. त्याच्या ओठातून सुटलेली थुंकी सांध्याच्या फटीतून नळीत उतरायची आणि बुडबुडा धरून हळूहळू, गोगलगाईसारखी, तिच्या तोंडाकडं सरकायची. ती तोंडात यायच्या आत फुंकर पुरी झाली पाहिजे. कधी पुरी व्हायची, कधी नाही. तेव्हा ती परसात पळायची, जीभ राखेनं घासायची आणि आतडी पिळवटून ओकायची. गळ्यातली माळ ओकारीत भिजू नये म्हणून एका हातानं छातीशी धरून.

"तुळजे, दिवस गेलं का गं तुला?" सासू केशरबाई बाजेवरून विचारायची. "सकाळच्या पारी रोज वकतीस."

"दिवस तुमच्या लेकाचं जायला लागलेत, आत्याबाई."

"काय म्हणलीस?"

"कुकर लावू का म्हणलं."

करिष्मा मॅडमचा दर सोमवारी फोन यायचा. पोरगी गोड बोलायची.

"सुग्रीवभाऊ, किती छान चाललंय! पण गाल का बांधता रोज? दाढ दाखवली का?"

"दाखवतो मॅडम. लई ठणकती."

"ताईंची साथ आहे ना?"

"हाय की," सुग्रीव म्हणाला, आणि मागं वळून दात काढून हसला. "पाठीशीच आसती माझ्या."

ते हसू बघून तुळजाबाईच्या हातातलं पीठ गार पडलं. मारणारा नवरा तिनं शेजारी पाहिला होता, टाकून जाणारा पाहिला होता. हा माणूस तिच्या छातीतला वारा वापरून तिलाच हसत होता. तिसऱ्या आठवड्यापासून तो फुंकर संपल्या संपल्या, तोटी तोंडात असतानाच ढेकर द्यायला लागला.

"मशीनला काय कळतंय!" तो म्हणायचा. मधल्या वेळात तो निवांत प्यायचा. आधी चोरून, मग गोठ्यात, मग केशरबाईच्या बाजेखाली दारूच्या पावट्या ठेवून.

*

गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की उसाला जातात आणि कीर्तन ऐकायला म्हातारी माणसं नि कुत्री उरतात, म्हणून गावाचा हरिनाम सप्ताह आश्विनातच होतो. मांडव पडला. सातव्या दिवशी काल्याचं कीर्तन, त्याच दिवशी टोळीची यादी पक्की होणार. बबनराव मांडवाच्या खांबाला टेकून चारचौघांत बोलले.

"काल्याला सुग्रीवचा सत्कार करू. पन्नास दिस कोरडा माणूस! संस्था पेपरात फोटो देनार हाय. महाराज त्याच्या गळ्यात माळ घालत्याल, शाल-नारळ माज्याकडून."

"माळ?" तुळजाबाईच्या तोंडून निघून गेलं.

"कावून? तुला येकटीलाच मक्ता हाय का माळंचा?" बबनराव हसले. "जोडी शोभंल."

त्या दुपारी सुग्रीव अंगणात नवा कोयता दगडावर लावत बसला. पाणी शिंपडायचा, पातं घासायचा, अंगठ्यानं धार बघायचा. हात थरथरत होता. पातं दगडावर सरळ न जाता कड्कड् उडत होतं. एकदा अंगठा कापला. त्यानं रक्ताकडं बघितलं, चोखलं, आणि परत घासायला लागला.

तुळजाबाईनं लुगडं वर करून आपली पिंडरी पाहिली. वण जांभळा, गांडुळासारखा जाड. पाच महिने ह्या कोयत्यापासून दोन हातांच्या अंतरावर वाकून मोळ्या बांधायच्या. त्याच्या तोंडाला हिरवा दिवा आपणच लावला. फडात कोयता मात्र आपल्या फुंकरीनं चालणार नाही.

"ह्या बारीला न्हाई लागायचा," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

"काय?"

"कोयता. तुला. मी काय मुद्दाम मारला व्हता व्हय?"

"मुद्दाम मारला असता तर नेम चुकला असता," ती म्हणाली.

सहाव्या दिवशीच्या कीर्तनाला ती खांबाजवळ बसली. महाराज तरणे होते, खड्या गळ्याचे, हसवत हसवत चिमटा घेणारे. गजर थांबला आणि ते टाळकऱ्यांकडं वळले.

"मी पुढं उभा. माझा घसा कधीचा बसलाय, मी नुसते ओठ हलवतोय. मागं ह्या बिचाऱ्यांच्या मानेच्या शिरा फुगल्यात. आन् तुम्ही घरी जाऊन काय म्हणणार? बुवांचा आवाज काय गोड!" मांडव हसला. महाराजांनी हसू ओसरू दिलं. "तुम्ही पुढं बसलाय, तुम्ही फसणारच. पण माझा देव माझ्या मागं उभा आहे, विटेवर. तो मागूनच ऐकतो. कुणाच्या छातीतून काय निघालं, त्याला पक्कं ठाऊक."

टाळ्या पडल्या. शेजारच्या साखराबाईनं तिच्या मांडीवर थाप दिली, "लई ग्वाड बोलतेत की गं." तुळजाबाईच्या अंगावर मात्र काटा आला. पुढं पुरुषांत सुग्रीव बसला होता, नवं उपरणं, कपाळी बुक्का, आणि मान डोलवता डोलवता त्याचा डोळा लागत होता.

*

काल्याच्या दिवशी बबनराव सकाळी सातलाच घरी आले. पांढरी टोपी, अत्तर, हातात शालीची पिशवी. अंगणातल्या खुर्चीवर बसून चहा बशीत ओतला.

"मॅडम म्हनल्या सकाळचं फुंकलेलं बघून मगच शाल घाला. येऊ दे आरवू तुझ्या कोंबड्याला."

सुग्रीव न्हाऊन आला होता. अंगाला साबणाचा वास होता आणि साबणाखाली रात्रीचा तो दुसरा. त्यानं उपरणं बांधायला घेतलं.

"दाढ लई ठणकतीय, मुकादम."

"बांध की बे. कोन काय म्हनतंय."

तुळजाबाई परसात गेली. तुळशीपुढं उभी राहिली. लग्नाआधी बापाबरोबर घातलेली माळ; बाळंतपणात काढली नव्हती, पाय फाटला तेव्हा काढली नव्हती. तिनं ती डोक्यावरून काढली आणि तुळशीच्या कट्ट्यावरच्या कोनाड्यात ठेवली. मान उघडी पडली. तिथली कातडी बाकी अंगापेक्षा गोरी होती.

"तोंड माजं हाय," ती तुळशीला म्हणाली. "आज तेच खरं बोलंल."

फोन आरवला.

ती आत आली. बाजेखाली हात घालून पावटी काढली, बूच फिरवलं. केशरबाई बघतच राहिली. तुळजाबाईनं नाक दाबलं नाही. तिनं ती तोंडात ओतली. जीभ पेटली, हिरड्या पेटल्या, डोळ्यांतून पाणी आलं. पोटातून सगळं उसळून वर येत होतं, तिनं ते गळ्याशी दाबून धरलं. गुळणी तोंडात घोळवली, राखेच्या पाटीत थुंकली, दाराआड जाऊन उकिडवी बसली आणि नळी ओठांत धरली.

ज्या तोंडानं तीस वर्षं नाम घेतलं त्या तोंडानं तिनं फुंकलं. छाती रिकामी होईस्तोवर.

मशीन किंचाळलं. सुग्रीवनं दचकून तोटी थुंकली.

"लाल हाय की बे!" बबनराव उठले. बशी कलंडली. "दोनशे दहा? पिपात बुडून आलास काय?"

"मी न्हाई! मी आज न्हाई प्यालो, मुकादम!"

"मग मशीन प्यालं का?"

"हिनं—" सुग्रीव वळला आणि थांबला. पुढचा शब्द म्हटला तर मागचे हिरवे दिवस उघडे पडत होते, न म्हटला तर आजचा दिवस. त्याच्या ओठातून थुंकीचा धागा लोंबत होता.

तुळजाबाई दारातून बाहेर आली. हातात नळी, टोकाला मशीन लटकतंय. ती बबनरावांच्या पुढ्यात उभी राहिली आणि तोंडावर श्वास सोडला.

"हुंगा. दोनशे दहा माजं हाय. अन् हिरवं व्हतं ते बी माजंच. एकतीस दिसाचं."

तिला वाटलं मुकादम भडकेल, शिवी देईल. बबनरावांनी नाकापुढं हात हलवला, फाटकाकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"नळी मला कवाची ठाव हाय. कोंडवाड्याच्या भिंतीवरून दिसती. मी काय बोललो का? मॅडमला हिरवं पायजे, मला कोयता पायजे, तुला काम पायजे. येक दिस नीट फुंकायला काय धाड भरली व्हती?"

तुळजाबाईला आजवर जे जे किळसवाणं वाटलं होतं, नळीतली थुंकी, गव्हाणीतली लाळ, जखमेवरची ओकारी, ते सगळं या अत्तराच्या वासापुढं फिकं पडलं.

"म्हंजी तुमाला ठाऊक व्हतं," ती म्हणाली. "प्यालेला कोयता माज्या शेजारी उभा करनार व्हता."

"पाय काय, समद्यांचंच कापत्यात फडात."

फोन वाजला. करिष्मा मॅडमचा. तुळजाबाईनं तो सुग्रीवच्या हातातून काढून घेतला आणि सगळं सांगितलं. नळी, ट्यूबचा तुकडा, दाढ.

"ताई, सगळं जाईल," मॅडमचा आवाज बसला होता. "मिळालेले आठवडे, गिरणी. पहिल्यापासून सुरू."

"जाऊ द्या."

"आणि एकदम बंद करू देऊ नका. कापरं भरलं, मुंग्या दिसल्या तर थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या. मी आत्ता डॉक्टरांना कळवते. सुग्रीवभाऊंना मशीन देता का? स्वतः फुंकतील का ते? बक्षिसासाठी नाही. नुसतं कळायला."

सुग्रीवनं उपरणं सोडलं. उघड्या तोंडाचा तो निराळाच दिसत होता, म्हातारा, गाल बसलेला. त्यानं तिच्या हातातून मशीन घेतलं, नळी उपटली, तोटी पुसली आणि फुंकलं. मधेच खोकला आला, परत फुंकलं. नव्वद.

"माज्या यादीतून दोघंबी कटाप," बबनराव टोपी सारखी करत म्हणाले. फाटकाबाहेर जाताना धोतरावर सांडलेल्या चहाच्या डागाला शालीची पिशवी लागणार नाही एवढी काळजी त्यांनी घेतली.

केशरबाई बाजेवर कपाळ बडवत होती. "माळकरीन बाईनं दारू लावली तोंडाला! घर इटाळलं गं बया!"

"घर कवाच इटाळलंय, आत्याबाई. तुमच्या बाजंखालून."

*

तिनं अकरा चुळा भरल्या. राख लावली, मीठ लावलं. चव गेली नाही. कोनाड्यातल्या माळेला हात लावायची हिंमत झाली नाही. तरी मांडवातला मृदंग ऐकून पाय घरात राहिनात. ती आत गेली नाही. मांडवाबाहेर, चपलांच्या ढिगाजवळ, उघड्या मानेनं, तोंडावर पदर धरून बसली. आत काल्याची हंडी बांधली होती. शाल-नारळ बबनरावांनी सरपंचाला दिले.

थोड्या वेळानं सुग्रीव आला आणि तिच्या मागं, ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला. हात कापत होते. कपाळाला घाम.

दुपारी बाराला त्याच्या खिशात कोंबडा आरवला. दोन-चार लोकांनी वळून पाहिलं. सवयीनं त्याचा हात उपरण्याकडं गेला, सवयीनंच त्यानं म्हटलं, "तुळजे…"

ती मांडवाकडं तोंड करून बसली होती, तशीच बसली.

मागून फुंकर ऐकू आली. लांब, खरखरीत, मधे तुटलेली. मग खोकला, मग परत फुंकर. मशीन किंचाळलं.

"अठरा हाय," सुग्रीव म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं. थोडं थांबून म्हणाला, "लालच हाय."

आत महाराजांनी हंडी फोडली आणि गजर उठला. तुळजाबाईनं पदर तोंडावरून काढला. जिभेवर अजून ती आग होती, श्वासाला तोच वास होता. त्याच तोंडानं तिनं नाम घेतलं, आधी पुटपुटत, मग मानेच्या शिरा फुगेपर्यंत.